निरभ्र आकाशाचा पुरावा

माणसाने आजवर जी काही प्रगती केली ती संशयाच्या जोरावर केली. पृथ्वी सपाट आहे हे सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं, तर आज विमानं उडालीच नसती. हे मत विमा कंपनीतले दावे-तपासनीस भिंगसाहेब यांचं. नसती उडाली तर निदान आपण घरी बसलो असतो, हे मत त्यांच्या पत्नीचं. आणि ते तिने विमानतळाच्या सात नंबरच्या दारासमोर, शब्दकोड्यातून मान वर न करता, नुकतंच व्यक्त केलं होतं.

समोरच्या फलकावरचं साडेअकराचं विमान बघता बघता अडीचचं झालं होतं. पाठोपाठ लाउडस्पीकरवर एक गोड आवाज म्हणाला, की मार्गावरील खराब हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणाने घातलेली मर्यादा यांमुळे उड्डाणास विलंब होत असून प्रवाशांनी सहकार्य करावं.

भिंगसाहेबांनी काचेबाहेर पाहिलं. आकाश धुऊन, इस्त्री करून पसरल्यासारखं निळं होतं. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी नळकांडं मान टाकून लोंबत होतं.

"खराब हवामान म्हणे," ते म्हणाले. "ढग कुठाय?"

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? एक तरी दाखव मला."

"मी काय पर्समधे ढग घेऊन फिरते? बसा बघू. आडवा नऊ, पाच अक्षरी, 'उठसूट शंका घेणारा'. हे कोडं कुणी आपल्या घरी बसून तयार केलंय का हो?"

भिंगसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते ऑफिसने दिलेलं. सत्तावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, एका गृहस्थाने आपली स्कूटर पुरात वाहून गेल्याचा अर्ज दिला होता. तो गृहस्थ अर्जाची चौकशी करायला त्याच स्कूटरवरून आला, आणि हे भिंगसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून त्यांचा कुठल्याच नैसर्गिक आपत्तीवर विश्वास उरला नाही. दुकानात पाणी शिरल्याचं कळलं, की ते आधी नळ कुठे आहे ते बघत. आणि हवामान? हवामान हा तर त्यांच्या मते सर्वात जुना मुका आरोपी. काहीही त्याच्यावर ढकलावं. ते कधी उलट बोलत नाही.

पण आजचा मामला ऑफिसचा नव्हता. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एका मुलीने स्वतःसाठी मुलगा पसंत केला होता, आणि दुपारी चार वाजता तिच्या घरी मुलाचे आईवडील या दोघांना भेटायला येणार होते. सहा वाजता ते तिथूनच थेट आपल्या मोठ्या लेकीकडे जायला निघणार, ते सहा महिन्यांनीच परतणार. म्हणजे आज भेट झाली तर झाली. ही भेट याआधी दोनदा मोडली होती. पहिल्यांदा भिंगसाहेबांची पाठ धरली. दुसऱ्यांदा ऑफिसात वरून तपासणी आली. पाठ खरोखरच धरली होती. तपासणीबद्दल पत्नीने कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं.

या वेळी मात्र त्यांना मनापासून जायचं होतं. मागच्या महिन्यात फोनवर मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आला नाहीत तरी मी लग्न करणारच आहे. फक्त मग मला बरं वाटणार नाही." या वाक्यात त्यांना शोधूनही कुठे खोट सापडली नव्हती. त्यांनी दोन गजर लावले, नवीन सदरा घातला, आणि पत्नीच्याही आधी नवे बूट पायात घालून दारात उभे राहिले. लग्नाच्या तीस वर्षांत हे प्रथमच घडत होतं.

आणि आता हे.

"मला सगळं कळलंय," पाच मिनिटं काचेला नाक लावून उभं राहिल्यावर ते परत येऊन म्हणाले. "दारासमोर माणसं किती बसलीत? एकसष्ट. विमानात जागा किती? एकशेऐंशी. अडीचला ह्यांचंच दुसरं विमान असणार, तेही अर्धं रिकामं. दोन्हीकडची माणसं एकात कोंबायची आणि नाव घ्यायचं हवामानाचं."

"मग कोंबू दे. आपण मावतो."

"प्रश्न मावण्याचा नाही, तत्त्वाचा आहे."

पत्नीने कोड्यात काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

भिंगसाहेबांनी तपास हाती घेतला. आधी आकाशाचे फोटो काढले. फोटो मागच्या वर्षीचा असल्याचा आरोप येऊ नये म्हणून प्रत्येक फोटोत आजचं वर्तमानपत्र तारीख दिसेल असं काचेला टेकवून धरलं. ही ऑफिसची शिस्त. मग त्यांनी फरशी पुसणाऱ्या बाईंना विचारलं.

"बाई, हे सात नंबरचं विमान आलंय की यायचंय?"

"ते काय समोर. तासाभरापास्नं उभंय."

"बिघडलंय का?"

"मला काय ठाऊक साहेब, मी फरशीवाली. पाय उचला जरा."

विमान हजर. मग वैमानिक नसेल. पण वैमानिकही कॉफीच्या दुकानापाशी उभा होता, चांगला गुटगुटीत, सहवैमानिकाला मोबाइलवर काहीतरी दाखवून हसत होता. भिंगसाहेबांनी खांबाआडून त्याचाही फोटो घेतला. आकाश स्वच्छ, विमान हजर, वैमानिक ठणठणीत. त्यांनी हे सगळं 'पुरावा क्र. १', 'क्र. २', 'क्र. ३' अशा मथळ्यांनिशी घरच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमधे तिघंच होती. खाली लिहिलं: 'विमान सुटण्यात कोणतीही अडचण नाही, हे यावरून सिद्ध होते.'

दोन मिनिटांत मुलीचा फोन आला.

"बाबा, विमान कुठवर आलं?"

"अगं, सुटलंच नाही. अडीच म्हणतायत. खराब हवामान म्हणे!"

"पण आकाश तर निळंशार आहे. तुम्हीच फोटो टाकलेत."

"तेच तर मी म्हणतोय!"

"इथेही कडक ऊन आहे."

"ऐकलंस?" भिंगसाहेब पत्नीकडे वळून म्हणाले. "तिथेही ऊन!" मग फोनमधे, "बघ, दोन्हीकडे ऊन. आता बोल."

मग मुलगी ज्या आवाजात बोलली तो भिंगसाहेबांच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता, समोर बसलेल्या अर्जदाराला ते ज्या आवाजात 'बरं, मग पुढे काय झालं?' असं विचारत, तो.

"म्हणजे तिथे ऊन, इथे ऊन. विमान उभं आहे, पायलट हसतोय. आणि विमान सुटत नाही."

"बरोबर."

"बाबा, खरं सांगा. तुम्ही ते विमान चुकवलंत ना?"

"काय?"

"की मुद्दामच पुढचं घेतलंत? आधी पाठ झाली, मग तपासणी झाली. आता ढग! आणि ढगसुद्धा धड दाखवता आला नाही तुम्हाला."

"अगं, पण मी तर सकाळी—"

"आईला द्या फोन. नको, राहू दे, तिला कशाला खोटं बोलायला लावता. साडेतीनपर्यंत वाट बघते. मग त्यांना सांगून टाकते, की माझ्या बाबांना यायचं नाहीये."

फोन बंद झाला. भिंगसाहेब बराच वेळ स्वतःच गोळा केलेल्या पुराव्याकडे पाहत राहिले. नोकरीत त्यांनी अनेकांची विधानं खोटी पाडली होती. इतक्या निर्दोषपणे मात्र कुणाचंच नाही.

"आता?" पत्नीने विचारलं.

"आता हवामान खराब आहे हे सिद्ध करावं लागणार."

"करा. आत्ताच तर तुम्ही ते चांगलं असल्याचं सिद्ध केलंत. हातासरशी हेही होईल."

दारावरच्या टेबलापाशी गणवेषातली एक मुलगी उभी होती. गेल्या अर्ध्या तासात भिंगसाहेब तिच्याकडे चार वेळा येऊन गेले होते, आणि ते पाचव्यांदा येताना दिसताच तिने चेहऱ्यावर हसू चढवलं.

"मॅडम, मला लेखी पाहिजे."

"काय लेखी, सर?"

"हवामान खराब आहे असं."

"पण सर, मघाशी तुम्ही म्हणालात खराब नाहीये असं लेखी पाहिजे."

"परिस्थिती बदलली आहे."

"आकाशाची?"

"घरची."

मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहिलं. असं पत्र ड्युटी मॅनेजरच देऊ शकतात, त्यांचं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, एक नंबरच्या दारापलीकडे आहे. पण लांब जाऊ नका सर, वेळ कधीही बदलू शकते, असं तिने सांगितलं. यातलं शेवटचं वाक्य भिंगसाहेबांनी नेहमीचा कावा म्हणून कानाआड केलं.

ड्युटी मॅनेजर हा टेबलावर कोपर टेकून दोन फोनांवर एकाच वेळी माफी मागणारा मनुष्य होता. भिंगसाहेबांनी पत्र मागितलं, आणि सवयीने, देण्याआधी ते खरं असल्याची खात्रीही मागितली.

"साहेब, ढग इथे नाहीत आणि तिथेही नाहीत," मॅनेजर म्हणाला. त्याने टेबलाच्या एका कडेला स्टेपलर ठेवला, दुसऱ्या कडेला डिंकाची बाटली. "हे आपण, हे तुमचं शहर. आणि हे मधे वादळ." त्याने मधे आपला डबा ठेवला. "आता ह्या वाटेची सगळी विमानं ह्या अंगाने वळसा घालून जातायत. त्या अंगाला आधीच गर्दी. खाली नियंत्रण कक्षात एक माणूस एका वेळी किती विमानं सांभाळणार? त्याच्याही डोक्याला मर्यादा आहे. म्हणून ते तासाला इतकीच विमानं सोडतात. ज्याला जी वेळ दिली, त्याने त्या वेळेला उडायचं. चुकली, की रांगेत पुन्हा शेवटी."

"आणि विमान वर जाऊन थांबलं तर?"

"वर थांबायला जागा नाही, साहेब. खाली खुर्च्या तरी आहेत."

भिंगसाहेबांनी डबा उचलून खाली काही दडवलेलं नाही ना ते पाहिलं आणि परत ठेवला. स्पष्टीकरण त्यांना पटलं. सत्तावीस वर्षांत प्रथमच एखादी नैसर्गिक आपत्ती त्यांना पटली, आणि त्यांना जरा हलकं वाटलं.

"हेच सगळं लिहून द्या. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक."

"आमच्याकडे जावक रजिस्टर नाही."

"मग सुरू करा. जावक क्रमांकाशिवायचं पत्र माझी मुलगी मानायची नाही. मीच वाढवलंय तिला."

मॅनेजरने फोन खाली ठेवले, एक कोरी वही काढली आणि निमूटपणे पहिल्या पानावर 'जावक' असं लिहिलं. पत्र छापायला सात मिनिटं गेली. त्यात 'हवामान' ऐवजी 'हावामान' पडलं म्हणून ते पुन्हा छापण्यात चार. शिक्क्याची गादी वाळली होती. तिच्यावर पाणी शिंपडणं सुरू असताना लाउडस्पीकर पुन्हा गोड आवाजात बोलू लागला. वादळ सरकल्यामुळे सात नंबरच्या विमानाला बारा पस्तीसची वेळ मिळाली आहे, प्रवाशांनी त्वरित दाराशी यावं.

"साहेब, तुमचं विमान!" मॅनेजर उठला.

भिंगसाहेब बसून राहिले. शिक्का कागदापासून चार बोटांवर होता, आणि नेमकं तेव्हाच विमान सुटतं? अडीचचं विमान एकाएकी साडेबाराचं होतं? या धंद्यात उशीर झालेलं ऐकलं होतं, लवकर झालेलं कधी ऐकलं नव्हतं.

"हं," ते म्हणाले. "आधी शिक्का."

मग त्यांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, साऱ्या विमानतळावर घुमलं. एकदा, दोनदा. ही अखेरची सूचना आहे असं म्हणून तिसऱ्यांदा. आपल्याला या खुर्चीवरून हलवण्यासाठी विमान कंपनी कुठल्या थराला जाऊ शकते, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. तेवढ्यात पत्नीचा फोन आला.

"अहो, आहात कुठे? सगळे आत गेले! मी दारात पाय घालून उभी आहे!"

"फलक बघ. फलकावर किती लिहिलंय?"

"फलक गेला खड्ड्यात! समोर विमानाचं दार लावतायत!"

"शांत हो. तुला असं बोलायला कुणी सांगितलं? तुझ्याजवळ कोण उभं आहे?"

पलीकडून जो आवाज आला तो शब्दांत मोडत नव्हता. पण तो कुणी शिकवलेला नव्हता, एवढं भिंगसाहेबांनाही कळलं. त्यांनी शिक्का उमटलेलं पत्र झटकून वाळवलं, जावक वहीत क्रमांक एक पडल्याची खात्री केली आणि ते धावत सुटले. एक नंबर ते सात नंबर हे अंतर वर्तमानपत्र वाचत चालणाऱ्याला कळत नाही. नवे बूट घालून पळणाऱ्याला कळतं.

ते पोचले तेव्हा बारा पस्तीस वाजायला तीन मिनिटं होती, आणि विमानाच्या पोटातून सामान उतरवलं जात होतं. ज्या प्रवाशाची बॅग आत आहे तो स्वतः आत नसेल, तर बॅग बाहेर काढल्याशिवाय विमान हलत नाही. हा नियम संशयी माणसांनीच केला असल्यामुळे भिंगसाहेबांना एरवी तो फार आवडला असता. एकसष्ट प्रवाशांच्या सामानाच्या ढिगातून त्यांची तपकिरी बॅग नुकतीच सापडली होती. मालक आल्याचं कळल्यावर ती परत आत ठेवली गेली. एवढं सगळं होईतो बारा सेहेचाळीस झाले.

ते मधल्या वाटेने आपल्या जागेकडे निघाले असतानाच वैमानिकाचा आवाज आला. हसणारा वैमानिक आता हसत नव्हता.

"प्रवासी मित्रहो, मार्गावरचं हवामान आता उत्तम आहे. मात्र नियंत्रण कक्षाने दिलेली वेळ आपण एका प्रवाशामुळे चुकवली असून आपल्याला रांगेत नवीन वेळ मिळाली आहे. दोन वाजून पन्नास मिनिटं."

साठ माना मधल्या वाटेकडे वळल्या. भिंगसाहेबांच्या हातात पत्र होतं.

"मिळालं का पत्र?" मागून कुणीतरी विचारलं.

"मोठ्याने वाचा की! वेळ आहे आता!" दुसरा म्हणाला.

पत्नीशेजारच्या जागेवर ते अंग चोरून बसले. पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने पेन उघडलं आणि कोड्यातली आडवी नऊची पाच घरं, एरवी पेन्सिलने लिहायची ती, शाईने भरून टाकली.

भिंगसाहेबांनी पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने उत्तर आलं. 'शिक्का खरा वाटतो. सॉरी बाबा. त्यांना थांबवून ठेवते.' ते उत्तर त्यांनी पत्नीपुढे धरलं. तिने चष्मा वर करून ते वाचलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"हिला खरं कधी सांगणार आहात?"

"पत्रात खोटं काय आहे? मर्यादा होती. वादळ होतं."

"होतं," पत्नी म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

मुलीच्या घरी ते पोचले तेव्हा साडेपाच वाजत आले होते. मुलगा उभा राहिला, त्याची आई उठून हसली. वडील मात्र बसूनच होते. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि समोरच्या बिस्किटाच्या पुड्यावरचं वजन वाचत होते.

"फारच उशीर झाला तुम्हाला," ते म्हणाले. "काय कारण?"

"हवामान," भिंगसाहेब म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी पुडा खाली ठेवला, खिडकीपाशी जाऊन आकाश पाहिलं, आणि परत येऊन बसले. "स्वच्छ आहे."

"इथे स्वच्छ आहे. तिथेही होतं. ढग मधे होते." भिंगसाहेबांनी एक कप टेबलाच्या या टोकाला ठेवला, दुसरा त्या टोकाला. मधे साखरेचं भांडं सरकवलं. "हे आम्ही, हे तुम्ही. आता ह्या अंगाने सगळी विमानं वळली—"

"किती विमानं?"

"बरीच."

"बरीच म्हणजे मोजून किती?"

भिंगसाहेबांनी पत्र काढून दिलं. मुलाच्या वडिलांनी ते उजेडासमोर धरलं, मागून पाहिलं, शिक्क्यावर बोट फिरवलं.

"जावक क्रमांक एक? ह्या कंपनीने आजवर एकही पत्र पाठवलं नव्हतं?"

"काका," मुलगी मधेच म्हणाली, "माझे बाबा खोटं नाही बोलायचे. दुसऱ्यांचं पकडण्यातच त्यांचं आयुष्य गेलंय, स्वतः बोलायला त्यांना वेळच मिळाला नाही. मी आज त्यांच्यावर उगाच संशय घेतला." आणि ती येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली.

भिंगसाहेबांनी तोंड उघडलं. पत्नी खोकली. भिंगसाहेबांनी तोंड मिटलं, आणि मुलीच्या हातावर हात ठेवून साखरेच्या भांड्याकडे पाहत राहिले.

मुलाचे वडील मात्र हळूहळू खुलत होते. घरात येताना कागद घेऊन येणारा माणूस त्यांना अख्ख्या आयुष्यात भेटला नव्हता. त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा सगळं तोंडी सांगे. पावणेसहाला त्यांनी लग्नाला संमती दिली आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

"हे माझ्याकडे राहू दे," निघताना ते प्रेमाने म्हणाले. "तुमच्यावर अविश्वास नाही हं. सवय. कंपनीला एक ओळ लिहून खातरजमा करून घेतो. तुम्हीही हेच केलं असतं."

"हेच केलं असतं," भिंगसाहेब म्हणाले.

कंपनीचं उत्तर नवव्या दिवशी आलं, आणि व्याह्यांनी ते जसंच्या तसं दोन्ही घरांच्या नव्या ग्रुपवर टाकलं. हवामान व वाहतूक मर्यादेमुळे झालेला विलंब: एक तास पाच मिनिटे. अनुपस्थित प्रवाशामुळे झालेला विलंब: दोन तास पंधरा मिनिटे. सदर प्रवासी त्या वेळी विलंबाचे प्रमाणपत्र घेत होता.